शिडाची होडी दुसरबीडपासूनच सुटावी

आपल्या दुसरबीड गावाहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. समृद्धी महामार्गाने मुंबई जवळ आणली खरी, पण शिडाच्या नौकेतून कोकण किनारा पालथा घालणे इथल्या पोरांना अजून श्रीमंतांचे चोचले वाटतात.

तसे ते नाहीत. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 56 फुटी नौका 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात घडली.

कोकणात शिडाच्या होडीचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. दुपारी वायव्येचा वारा भरला, की शीड फुगते. मुंबईहून मालवणकडे जाताना तो पाठीशी असतो. मुंबईकडे परतताना मात्र तिरके टप्पे घेत वर चढावे लागते.

हे शिकायला आधी समुद्रच हवा, असे थोडेच आहे? हैदराबादची मुले हुसेनसागरावर शिकतात, भोपाळची बड्या तलावावर. पंधरा वर्षांखालील मुलांची 'ऑप्टिमिस्ट' होडी जेमतेम पावणेआठ फुटांची, एका शिडाची. वारा फिरला की आडवा दांडा डोक्यावरून सपकन जातो. पोराने वाकून दुसऱ्या काठावर बसायचे, हातातली दोरी न सोडता.

आपल्याकडे खडकपूर्णेचा संत चोखासागर जलाशय आहे. पर्यटन आणि क्रीडा खात्याने तिथे चार होड्या, जीवरक्षक जाकिटे आणि एक प्रशिक्षक द्यावा. पाणीसाठा बरा असेल त्या महिन्यांत वर्ग भरवावेत आणि तयार झालेली मुले उन्हाळ्यात मालवणला न्यावीत.