ओढणाऱ्याला टाळ्या, थांबवणाऱ्याला कोण विचारतो?

ज्या गाडीला थांबवणे अवघड आहे तिला आणखी ओढायला शिकवणे म्हणजे शहाणपण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत आमच्या घरात सध्या कोणाला फारसे आवडत नाही. म्हणून म्हटले, घरच्या ग्रुपवर दोन-दोन ओळींत भांडण्यापेक्षा इथे ब्लॉगवर सविस्तर लिहावे. नातेवाईक वाचतीलच, आणि तुम्ही मंडळीही न्यायनिवाडा कराल.

विषय असा. माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये असतो. त्याच्याकडे रॅम कंपनीचा डिझेल पिकअप आहे. पिकअप म्हणजे आपल्याकडचा भाजी-दुधाचा छोटा हत्ती नव्हे, चांगला साडेतीन टनांचा धूड! त्यामागे तो एक चाकांवरचे घर जोडतो (तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात) आणि बायकामुलांसह डोंगरात सुट्टीला जातो. ते घर भरल्यावर साडेचार टनांच्या आसपास जाते. चढावर गाडी जरा मंदावते, म्हणून आता त्याने इंजिन 'ट्यून' करून घ्यायचे ठरवले आहे. शिवाय धुराच्या नळीतली सगळी 'अडगळ' काढून टाकायची. "मामा, शंभर घोडे वाढतील!" असा त्याचा निरोप आला आणि ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. एकट्या माझाच अंगठा पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मराठी माध्यमातून बीए झालेल्या मास्तरला इंजिनातले काय कळते? खेड्यातल्या शाळेत सातवी-आठवीचे सामान्य विज्ञान कोणाच्या वाट्याला येई ते जुन्या शिक्षकांना विचारा. आणि या वादाला सातवीचे विज्ञान पुरते.

आधी हे घोडे वाढतात कसे ते पाहू. डिझेल इंजिनात ताकद वाढवायची तर मुख्यतः डिझेल जास्त फवारायचे, आणि ते जाळायला टर्बोने हवा जास्त कोंबायची. पूर्वी हे पंपाचा स्क्रू फिरवून करत, आता संगणकात दुसरा प्रोग्राम भरून करतात. क्रिया तीच. त्याने टॉर्क, म्हणजे चाक पिळून फिरवण्याची शक्ती, खरोखर वाढते. यात फसवणूक काही नाही, हे मी आधीच मान्य करतो. पण जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. रिकाम्या गाडीने दहा सेकंद जोर लावला तर ती खपून जाते. मागे साडेचार टन लावून पंधरा मिनिटे चढ चढताना ती जाणार कुठे? पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते. तेलाचे फवारे आणि रेडिएटरचे पाणी यांच्या जिवावर ते पिस्टन तगून असतात. कंपनीने हे सगळे एका हिशेबाने बसवलेले असते. ट्यून करणारा त्या हिशेबातला एकच आकडा बदलतो, बाकीचे तसेच सोडतो.

पण माझा मुख्य आक्षेप इंजिन जळण्याबद्दल नाहीच. इंजिन जळाले तर पैसे जातील, माणूस घरी येईल. माझा आक्षेप उताराबद्दल आहे.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. चढाला बैल ओढतात, उताराला गाडी बैलांच्या अंगावर येते. शहाणा गाडीवान उतार आला की खाली उतरून चालायचा. बैल किती ताकदीचे आहेत याचा तिथे काही उपयोग नसतो. वजन किती आणि ते धरणार कोण, एवढाच प्रश्न उरतो.

भाच्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० महामार्ग. तो आयझेनहॉवर बोगद्यातून सुमारे ११ हजार फुटांवर डोंगर ओलांडतो. बोगद्यातून बाहेर पडले की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत साधारण ८ मैलांत २ हजार फूट उतरायचे. ब्रेक गेलेल्या ट्रकांनी घुसावे म्हणून तिथे वाळू-खडीचे चढते रस्ते बाजूला काढून ठेवले आहेत. आता गणित करू. गाडी आणि ट्रेलर मिळून ८ टन. ते ६०० मीटर खाली आणायचे, तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती सुमारे दीडशे लिटर गार पाणी उकळीला आणेल इतकी आहे. म्हणजे पंधरा लिटरच्या दहा बादल्या! काही उष्णता वाऱ्याला जाते, काही इंजिनाच्या ब्रेकने जिरते, उरलेली सगळी ब्रेकच्या तबकड्यांवर. ट्यून करून यातली एक बादलीसुद्धा कमी होत नाही.

उलट वाढण्याची सोय होते. ताकद आली की माणूस चढ वेगात चढतो, आणि ज्या वेगाची सवय झाली तोच वेग उताराला ठेवतो. ताशी ६० मैलांचे ७५ झाले तर वेग सव्वापट, पण गतिज ऊर्जा दीडपटीहून जास्त, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेक मात्र तेच. आणि 'आता गाडी ओढते' म्हटल्यावर पुढच्या वर्षी मागचे घरही मोठे येणार, हा मनुष्यस्वभाव आहे.

गाडी किती ओढू शकते हा आकडा एकट्या इंजिनाचा नसतो, हे लोकांना माहीतच नाही. अमेरिकेत त्यासाठी जे २८०७ नावाचे प्रमाण आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा ११ मैलांहून लांब चढ कडक उन्हाच्या तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा, आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ही झाली इंजिनाची परीक्षा. पण त्याच प्रमाणात ब्रेकची, वळताना तोल राखण्याची, ट्रेलर डुलू लागला तर सावरण्याचीही परीक्षा असते. सगळ्या विषयांत पास झाल्याशिवाय तो आकडा छापता येत नाही. आता एखाद्या मुलाने गणितात दहा मार्क जास्त मिळवले म्हणून त्याचा इंग्रजीचा नापास पेपर पास होतो काय? गाडीच्या दाराच्या खांबावर वजनमर्यादेचे जे लेबल असते, ते ट्यून केल्यावर बदलत नाही. बदलते ते फक्त चालवणाऱ्याचे मन.

आणि एवढी ताकद हवी तरी कशाला? १९८९ साली डॉज पिकअपमध्ये पहिल्यांदा कमिन्सचे डिझेल इंजिन आले (हेच ते कमिन्स, ज्यांनी किर्लोस्करांबरोबर १९६२ साली पुण्यात कारखाना काढला), तेव्हा त्याची शक्ती होती १६० अश्वशक्ती आणि ४०० पौंड-फूट टॉर्क. त्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी घोडे, गवत, ट्रॅक्टर सगळे ओढले. २०२५ च्या रॅममधले तेच घराणे ४३० अश्वशक्ती आणि १०७५ पौंड-फूट देते. टॉर्क अडीचपटीच्या पुढे गेला, तरी आमच्या भाच्याचे भागत नाही!

आता त्या 'अडगळी'बद्दल. ही अडगळ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मारणारी युरियाची यंत्रणा. ती बिघडते, दुरुस्ती हजारो डॉलरांत जाते, आणि एखादा सेन्सर रुसला की गाडी आपोआप कासवगतीने चालू लागते, या तक्रारी खऱ्या आहेत. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याला हे परवडत नाही, हेही खरे. पण त्यावर उपाय यंत्रणा सुधारण्याचा आहे, उपटून फेकण्याचा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये अंदाज दिला की आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची ही यंत्रणा काढली गेली, आणि त्यापायी ५ लाख ७० हजार टन नायट्रोजन ऑक्साइडे जादा हवेत जाणार. त्या देशाच्या क्लीन एअर ॲक्टखाली हे बेकायदा आहे. खटले भरण्याबाबत सरकारे कडक-सैल होत राहतील. फुप्फुसे काही सरकार बघून श्वास घेत नाहीत.

भाच्याचा एक बाण मात्र जोरदार आहे. तो म्हणतो, "मामा, कंपन्याच चोर आहेत!" डिसेंबर २०२३ मध्ये रॅमच्या लाखो गाड्यांत उत्सर्जन चाचणीला चकवणारी योजना बसवल्याच्या आरोपावरून कमिन्सने सुमारे १६७ कोटी डॉलर दंड भरायचे मान्य केले. चूक मात्र कबूल केली नाही. ठीक आहे. पण गावच्या पाटलाने विहिरीत घाण टाकली म्हणून आपणही टाकायची, हा कुठला न्याय? पाणी त्याच विहिरीचे प्यायचे आहे ना?

हे सगळे अमेरिकेचे झाले, आम्हाला काय त्याचे, असे इथल्या मंडळींनी म्हणू नये. उसाच्या हंगामात आमच्या भागात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवलेले असते, पुढची चाके हवेत उचलली की पोरे शिट्ट्या मारतात, आणि मागच्या ट्रॉलीला बहुतेक वेळा ब्रेकच नसतो. माझा एक विद्यार्थी अशाच ट्रॅक्टरवर होता. वर्गात बेरीज चुकायची, पण हाताने सायकल उघडून जोडायचा. नाल्याच्या उतारावर ट्रॉल्यांनी ट्रॅक्टरला पुढे ढकलले. ट्रॅक्टर बंद पडला नव्हता, इंजिन उत्तम चालू होते, असे लोकांनी मला सांगितले. त्याची आई अजून बाजारात भेटते. आपल्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असल्या फेरफारांना मनाई करते, पण कलमाने ब्रेक लागत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आल्यापासून आपल्या डिझेल पिकअपमध्येही हीच यंत्रणा आहे, म्हणजे हीच 'अडगळ' काढणारे आपल्याकडेही भेटणारच.

तेव्हा भाचेबुवा, तुला नुसते 'करू नको' म्हणत नाही. ट्रकथांब्यावरच्या काट्यावर सगळे भरलेले घर एकदा तोलून घे. त्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर येतो की नाही ते बघ. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर नीट लाव, तेल बदल, टायर बघ. ट्यूनिंगचे पैसे ब्रेक आणि टायरवर घाल. चढाला उजवी लेन धर आणि ताशी ४५ ने जा. मागचे भोंगे वाजवतील, वाजवू देत. उताराला आधीच खालचा गिअर टाक. आणि एवढे करून वजन बसत नसेल तर अंथरूण पाहून पाय पसर, घर लहान घे.

डोंगरावर दहा मिनिटे उशिरा पोचल्याने कोणाची सुट्टी वाया गेलेली मी पाहिलेली नाही. ग्रुपवर अंगठे दाखवणाऱ्या काका, मावश्या आणि आत्यांनी हे वाचून आपापला अंगठा मागे घ्यावा, ही नम्र विनंती. ज्यांना पटत नसेल त्यांनी खाली जरूर लिहावे. फक्त लिहिताना उताराचे काय, एवढे सांगावे. चढाचे सगळे सांगतात.