घरगुती शंका: वाचनयंत्राची नोंदणी करावी कीं न करावी?

आमच्या एका वाचक भगिनींनीं पत्र लिहून पृच्छा केली आहे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या सासऱ्यांसाठीं नातवानें ई-वाचनयंत्र आणिलें; परंतु चालू करतांच तें नांव, ई-मेलचा पत्ता व परवलीचा शब्द मागूं लागलें. "ज्ञानेश्वरी वाचावयास माझी हजेरी कोणास द्यावयाची?" असें म्हणून सासरेबुवांनीं तें बाजूस ठेविलें. नोंदणी टाळल्यास कांहीं अडतें काय, असा बाईंचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. पण आमच्या घरीं त्याची किंमत आम्हीं मोजिली आहे, म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देतों.

वाचणें ही क्रिया नोंदणीवर अवलंबून नाहीं. यंत्र तारेनें संगणकास जोडिलें कीं तें कपाटाप्रमाणें उघडतें. त्यांत ग्रंथाची फाइल ठेवावी आणि वाचावें. अक्षर मोठें करणें, ओळ अधोरेखित करणें, टिपण लिहिणें हें सर्व होतें. अडतें तें इतकेंच कीं, दुकानांतून खरेदी करतां येत नाहीं, ई-मेलनें धाडिलेला ग्रंथ पोंचत नाहीं आणि एका यंत्रावर थांबलेलें पान दुसऱ्यावर आपोआप उघडत नाहीं. किंडलला तारेनें दिलेली ईपब फाइल उघडतां येत नाहीं. ती कॅलिबर या मोफत साधनानें आधीं बदलून घ्यावी लागते. कोबोस ईपब चालते, पण तें आरंभींच खातें मागतें. पॉकेटबुक खात्यावांचून चालतें. सर्वच यंत्रांत नोंदणी पुढें ढकलण्याची सवलत असते असें नाहीं. यास्तव विकत घेण्यापूर्वींच विचारून घ्यावें.

जुने मराठी ग्रंथ वाचणारास ही अडचण फारशी बाधत नाहीं. आपल्या कायद्यानें लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनीं त्याचे ग्रंथ सर्वांस खुले होतात. हरि नारायण आपटे तर १९१९ सालीं वारले. मराठी विकिस्रोतावरून असें साहित्य विनामूल्य उतरवून घेतां येतें. नवीं पुस्तकें हवीं असल्यास मात्र गोष्ट निराळी. डिसेंबर २०१६ पासून किंडलच्या दुकानांत मराठी पुस्तकें मिळूं लागलीं. तीं घ्यावयाचीं तर खातें हवेंच.

आतां आमच्या घरची हकीकत. आमच्या थोरल्या दादांनीं चार वर्षें बिननोंदणीचें यंत्र वापरिलें. पुतण्या दर महिन्यास पुस्तकें भरून देई. दादा ज्ञानेश्वरी वाचीत आणि ओवीओवीवर टिपणें लिहीत. "नातीला पुढें उपयोगी पडतील," असें म्हणत. गतवर्षीं यंत्र पाण्यानें भरलेल्या घंगाळांत पडलें, तें पुन्हां चालू झालें नाहीं. पुस्तकें संगणकावर होतीं. नव्या यंत्रांत तीं तासाभरांत भरलीं. टिपणें मात्र गेलीं तीं गेलींच. दादा एवढेंच म्हणाले, "ग्रंथ माउलींचा, तो राहिला, गेलें तें माझें होतें." वस्तुतः तीं टिपणें यंत्रांतच एका साध्या फाइलींत जमा होत होतीं. ती उतरून घेण्यास दोन मिनिटें लागलीं असतीं. दोष नोंदणीच्या अभावाचा कमी, आमच्या आळसाचा अधिक.

मग नोंदणी केली असती तर सर्व सुरक्षित राहिलें असतें काय? तसेंही नाहीं. जुलै २००९ मध्यें अमेरिकेंत ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेल यांचीं दोन पुस्तकें ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतलीं. विकणारास तसा हक्क नव्हता, हें कारण. पैसे परत मिळाले, पुढें कंपनीच्या प्रमुखांनीं क्षमाही मागितली. पण मिशिगनमधील एका विद्यार्थ्याचीं अभ्यासाचीं टिपणें मूळ ग्रंथाअभावीं निरर्थक झालीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें विकत घेतलेलें पुस्तक संगणकावर उतरवून तारेनें किंडलमध्यें नेण्याची सोयही त्याच कंपनीनें बंद केली.

एकत्र कुटुंबानें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वाडवडिलांचें ग्रंथांचें कपाट सर्वांचें असतें. खातें मात्र एकट्याचें. किंडलच्या अटींप्रमाणें ग्राहकास मिळतो तो वाचण्याचा परवाना, ग्रंथाची मालकी नव्हे. तो परवाना मुलानातवंडांच्या नांवें करून देतां येत नाहीं.

तेव्हां भगिनींस आमचें सांगणें असें: सासऱ्यांस जुनेच ग्रंथ वाचावयाचे असतील आणि यंत्र तशी मुभा देत असेल, तर नोंदणीचा आग्रह धरूं नये. नवीं पुस्तकें हवीं असतील तर ती खुशाल करावी. परंतु दोन्ही पक्षीं घरांतील एकानें दर महिन्याच्या पहिल्या तारखेस टिपणांची फाइल संगणकावर उतरून ठेवण्याचें काम पत्करावें. आमच्या घरीं आतां तें नातीनें पत्करिलें आहे. दादांनीं पहिल्या ओवीपासून पुन्हां आरंभ केला असून, गेल्या महिन्यांत तिनें पहिल्या अध्यायाचीं टिपणें उतरून घेतलीं.