कबड्डीचे नियम आणि किशोर खेळाडू

खेळाचे नियम म्हणजे पंचांनी शिटी केव्हा वाजवावी याची यादी, एवढाच अर्थ आपण सामान्यतः घेतो. वस्तुतः नियम हे खेळाडूपुढे मांडलेले नफातोट्याचे कोष्टक असते. कोणत्या कृतीला किती गुण आणि कोणत्या चुकीला कोणता दंड, हे एकदा ठरले की खेळाडूची वृत्ती बव्हंशी ठरून जाते.

आपल्या कबड्डीचा इतिहास याची साक्ष देतो. पूर्वी संजीवनी, गामिनी आणि अमर असे तिचे तीन प्रकार प्रचलित होते. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत परतत नसे. साहजिकच प्रत्येक जण जपून खेळे. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राही, प्रतिपक्षाला केवळ गुण मिळे. तेथे धाडसाची किंमत अल्प होती. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होई. आजची कबड्डी या तिसऱ्या प्रकारावर उभी आहे, कारण त्यात सावधपणा आणि साहस यांचा तोल साधतो.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि तिच्याबरोबर तिसऱ्या चढाईचा नियम घरोघरी पोहोचला. सलग दोन चढाया निष्फळ ठरल्या तर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, अन्यथा चढाईपटू बाद. हेतू रेंगाळणारा खेळ थांबवण्याचा होता, आणि तो पुष्कळसा सफलही झाला. परंतु हिशेबी संघांनी त्यातूनही वाट काढली : दोन चढाया मध्यरेषेजवळ घालवायच्या आणि तिसरी ठरलेल्या एकाच गड्याकडे सोपवायची. तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या अव्वल पकडीला जादा गुण मिळतो. त्यामुळे दुबळ्या संघालाही झडप घालण्याचा मोह होतो. यात गैर काही नाही. व्यावसायिक खेळाडूंनी गुणांचा हिशेब करायचाच असतो.

प्रश्न आहे तो वाकोल्यासारख्या उपनगरातील मंडळांच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा. प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी आखलेले नियम शिकाऊ मुलांना जसेच्या तसे लावले की जिंकण्याचा सोपा मार्ग म्हणजे एकाच तरबेज मुलावर सारी भिस्त ठेवणे. उरलेली मुले कोपरा सांभाळीत मोठी होतात. त्यांच्या अंगी चढाईचे कसब येणार केव्हा? प्रशिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. चषकावरून त्याची परीक्षा होते. किशोर गटातील वजनाच्या मर्यादेचेही तसेच आहे. हेतू दुबळ्या मुलाच्या संरक्षणाचा. पण वजन एकदाच, स्पर्धेच्या तोंडावर होत असेल, तर वाढत्या वयातील मुलाला उपाशी राहण्याचे प्रलोभन आपणच निर्माण करतो.

अन्य खेळांनी हे ओळखले आहे. रग्बीत 'ट्राय'चे मोल १९७१ मध्ये तीनावरून चार आणि १९९२ मध्ये पाच गुण केले गेले. लाथेने गुण गोळा करण्यापेक्षा चेंडू घेऊन धावणे किफायतशीर ठरावे हा उद्देश. इंग्लंडमध्ये २०२३ पासून हौशी व कुमार रग्बीत प्रतिस्पर्ध्याला पकडण्याची उंचीच खाली आणली, कारण डोक्याच्या इजा केवळ उपदेशाने टळत नाहीत.

आपल्याकडेही किशोर स्पर्धांसाठी निराळा विचार व्हावा. प्रत्येक डावात सातही मुलांनी निदान एकेक चढाई केली पाहिजे, असा नियम मंडळांनी आपल्या स्थानिक स्पर्धांत एक हंगाम वापरून पाहावा. वजनाची नोंद हंगामाच्या आरंभी आणि मध्यावर घ्यावी. अखेरच्या दिवसाच्या काट्यावर सारे अवलंबून ठेवू नये. या नियमांतूनही पळवाटा निघतील. त्या कोणत्या, हे मैदानाच्या कडेला वही घेऊन बसणाऱ्या एखाद्या शिक्षकाने टिपले, तर पुढील हंगामात दुरुस्ती करता येईल. त्यासाठी पैसा लागत नाही. आपल्याला किशोर गटातून चषक हवे आहेत की खेळाडू, एवढे मात्र आधी ठरवावे लागेल.