मुळे कापण्याचे पातक

गेल्या फाल्गुनात पालखी झाल्यावर देवालयाच्या अग्रशाळेत आम्ही चार मंडळींसह बसलो असता, एका वयोवृद्ध महाजनांनी आम्हांस सर्वांसमक्ष दोषी ठरविले. अपराध असा की, चौदा वर्षे आमच्या लेखनाच्या खोलीत असलेले कागदी लिंबाचे झाड आम्ही कुंडीतून उपसले, त्याच्या मुळ्या छाटल्या आणि बोन्साय करण्याच्या हेतूने ते पसरट कुंडीत बसविले. "वकीलबाब, झाडाचीं पाळां कापप म्हळ्यार व्हडलें पातक," एवढे बोलून त्यांनी निकाल दिला. उपस्थितांनी माना डोलावल्या. आरोपीस आपली कैफियत मांडण्याची संधी त्या दिवशी मिळाली नाही. ती आज या पृष्ठांवर आम्ही घेत आहोत.

घटना आम्हांस मान्य आहे. मुळ्या छाटल्या, आणि आमच्याच हातांनी छाटल्या. अपराधाची तारीख मात्र फिर्यादी पक्षाने चुकविली आहे. ते लिंबू आमच्या मातोश्रींनी बी पेरून लावले होते. त्या गेल्यानंतर आम्ही त्यास रोज पाणी घातले, पाने पुसली, कुंडी खिडकीशी ठेवली आणि यालाच सांभाळणे म्हणतात, अशी स्वतःची समजूत करून घेतली. चार वेळा फुले आली आणि गळली. फळ एकही धरले नाही. शेवटच्या दोन वर्षांत पाने पिवळी पडत गेली. माघात कुंडी उपडी केली तेव्हा माती अशी दिसलीच नाही. कडेकडेने गोल गोल फिरून मुळ्यांची चुंबळ झाली होती. काही मुळ्यांनी खोडाच्या तळाशीच फास घातला होता. ओतलेले पाणी कडेने खाली निघून जात असे, मधला गड्डा कोरडाच राही. ज्या आप्तेष्टांनी आमच्या घरी येऊन त्या झाडाची स्तुती केली, त्यांतील एकानेही चौदा वर्षांत 'याची माती कधी बदललीत?' असे विचारले नाही. मुळ्या झाकलेल्या होत्या, तोवर कोणासही दया आली नाही.

झाड जमिनीत असेल तर त्याच्या मुळांना विनाकारण लोखंड लावू नये, हे आम्हांसही शिरसावंद्य आहे. 'विनाकारण' हा शब्द मात्र आम्ही जाणूनबुजून घातला. महाराष्ट्रातील संत्र्यांच्या जुन्या बागाईतदारांना बहार धरण्याची विद्या अवगत होती: पाणी तोडून झाडास ताण द्यावयाचा, प्रसंगी मुळ्या उघड्या करून बारीक तंतुमुळे छाटावयाची, मग खत-पाणी देऊन आंबे बहार किंवा मृग बहार घ्यावयाचा. त्या शेतकऱ्यास पातकी म्हणण्याचे धैर्य आमच्या अग्रशाळेतील मंडळींपाशी आहे काय? आणि कुंडीतील झाडाची गोष्ट तर मुळातच निराळी. ज्या दिवशी आपण त्यास भूमीपासून तोडून बारा इंचांच्या मातीत कोंडले, त्याच दिवशी त्याच्या मुळांचे पालकत्व आपल्याकडे आले. पालकाने पाल्याची नखे कापावयाची नाहीत, असे कोणते शास्त्र सांगते?

मुळ्या छाटल्याने झाडाचे आयुष्य तुटते, या म्हणण्यास आम्ही एकच साक्षीदार आणतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानी पांढऱ्या पाइनचे एक बोन्साय आहे. १६२५ सालापासून ते कुंडीत आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाच्या वाडीत, स्फोटस्थानापासून सुमारे ३ किलोमीटरांवर, ६ ऑगस्ट १९४५ चा अणुबाँब त्याने पाहिला आणि ते जगले. १९७६ साली त्या कुटुंबाने ते अमेरिकेस भेट दिले. इतक्या शतकांत त्याच्या मुळ्या कितीदा छाटल्या गेल्या असतील, याचा हिशेब फिर्यादी पक्षाने करावा. पाइन निराळा, लिंबू निराळे, असे कोणी म्हणेल. तर मग फ्रान्समधील व्हर्साय येथील नारिंगीची झाडे पाहावीत. तेथे ती लाकडी पेट्यांत वाढवितात, हिवाळ्यात आत नेतात आणि उन्हाळ्यात बाहेर काढतात. त्या पेट्यांच्या बाजू उघडता येतात, त्या मुळांची देखभाल करता यावी म्हणूनच.

म्हाळुंग हे कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातील फळ, सबब लिंबाचे सारे कुळच अस्पर्श, असाही एक युक्तिवाद त्या दिवशी झाला. देवीने ते हाती धरले आहे, यावरून त्याची हेळसांड करण्याची मुभा मिळते, असे अनुमान आम्हांस तरी काढता येत नाही. आणि मूळ स्थान सोडविणे म्हणजेच पातक, हे त्यांनी तरी बोलू नये, ज्यांचा मंगेश १५६० साली कुशस्थळीहून जुवारी ओलांडून प्रियोळास आला. असो, हा टोला जिव्हारी लागल्यास क्षमा असावी.

आता दुसऱ्या पक्षाचाही समाचार घेतला पाहिजे, कारण आमच्या बचावाचा आधार घेऊन तो उद्या उभा राहील. रोपवाटिकेतून लिंबाचे रोप आणून, अर्धी मुळे एका दमात तोडून, चिनी मातीच्या ताटलीत बसवून दिवाणखान्याच्या मेजावर ठेवणारे हौशी लोक बोन्सायचे वैरी आहेत. ज्या जपानकडून हा शब्द आला, तेथे बोन्साय उघड्यावर वाढते. घरातील मानाच्या कोनाड्यात ते येते ते पाहुण्यासारखे, थोड्या दिवसांपुरते. लिंबास तर दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन हवेच. आमचे झाड आता बाल्कांवात आहे. लिंबाच्या फुलपाखराने त्यावर अंडी घातली असून अळ्यांनी दोन शेंडे फस्त केले. हा खटला आम्ही मागे घेतला.

ज्यांना हे करावयाचे असेल त्यांनी थंडी ओसरताना, नवी पालवी फुटण्याच्या तोंडावर करावे. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुळ्या काढू नयेत. गळफास घालणाऱ्या आधी. विटांचा चुरा, जाड वाळू आणि कुजलेले शेणखत असे मिश्रण घ्यावे, की पाणी थांबणार नाही. पंधरा दिवस सावली, महिनाभर खत नाही. जुन्या फांदीस तारेने वाकविण्याच्या फंदात पडू नये. लिंबाचे लाकूड ताठ, ते मोडते. आकार छाटणीनेच द्यावा आणि पाने लहान झाली तरी फळ लहान होत नाही, हे आधीच मनाशी ठरवावे. ताटलीतल्या झाडावर खरे लिंबू लोंबताना पाहून ज्यांना हसू येते, त्यांनी खुशाल हसावे.

आमच्या झाडाने चैत्रात नवी पालवी धरली. गड्ड्याच्या दुसऱ्या बाजूच्या मुळ्या आम्ही अद्याप सोडविलेल्या नाहीत. ते काम येत्या माघात करावयाचे आहे. त्या महाजनांस आम्ही आताच निमंत्रण देऊन ठेवतो. त्यांनी यावे, कुंडी उपडी करताना समोर बसावे आणि मग निकाल द्यावा.