गणिताच्या पदवीधरांनी जावे कोठे?

विद्यापीठाच्या परीक्षांचे निकाल लागून प्रवेशांची धांदल सुरू झाली की, वऱ्हाडातील मध्यमवर्गीय घरांतून एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलाला किंवा मुलीला गणिताची मनापासून आवड असते. बी. एस्सी.ला गणित हाच मुख्य विषय घ्यावा आणि पुढे एम. एस्सी. करावी, अशी तिची इच्छा असते. वडील ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘ते सारे खरे, पण पुढे काय?’ वडिलांचा गणिताशी दावा नसतो. शेजारचा एम. एस्सी. झालेला मुलगा तिशीला टेकला तरी कोठे ना कोठे तासावर शिकवीत हिंडतो, हे ते रोज पाहत असतात. त्यांचा प्रश्न म्हणूनच उडवून लावण्याजोगा नाही. दुर्दैव असे की, अमरावती-अकोल्यातील महाविद्यालये, विद्यापीठ आणि शासन यांपैकी कोणीही त्या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्याची जबाबदारी आपली मानीत नाही.

एके काळी या प्रश्नाला उत्तर होते. अमरावतीला १९२३ साली किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले. आजची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था ती हीच. पुढे डॉ. पंजाबराव देशमुखांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने आणि इतर संस्थांनी तालुक्याच्या गावांपर्यंत शाळा-महाविद्यालये नेली. १९८३ साली नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. या साऱ्या विस्तारात प्रत्येक नव्या शाळेला आणि प्रत्येक नव्या महाविद्यालयाला गणिताचा शिक्षक हवा होता. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर येथील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने गणितात पदवी घ्यावी, मास्तर किंवा प्राध्यापक व्हावे आणि दोन धाकट्या भावंडांची शिक्षणे करावीत, हा या भागातील ओळखीचा जीवनक्रम होता. गणित म्हणजे मास्तरकी हे समीकरण तेव्हा खरे होते, म्हणूनच ते इतके खोल रुजले.

आज त्या समीकरणाची डावी बाजू कायम आहे, उजवी मात्र नाहीशी होत चालली आहे. मे २०१२ मध्ये राज्य शासनाने शिक्षकभरती, काही अपवाद सोडता, रोखून धरली. त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ प्रणाली आली. संस्थाचालकांच्या मनमानीला आणि देण्याघेण्याला तिने आळा बसावा हा हेतू स्तुत्यच होता. परंतु ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, ती पुन्हा व्हायला २०२३ चा फेब्रुवारी उजाडला, आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली. मधल्या काळात बी. एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला होता. आता हिशेब मांडून पाहावा. अठराव्या वर्षी बारावी, तेविसाव्या वर्षी एम. एस्सी., पंचविसाव्या वर्षी बी. एड., मग चाचणीची प्रतीक्षा, आणि नेमणूक मिळालीच तर तीन वर्षे शिक्षणसेवक. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली वाढवून १८ हजार रुपये करण्यात आले, तेही अनेक वर्षांच्या आर्जवांनंतर. तिशीच्या उंबरठ्यापर्यंत मुलाने इतक्यावर भागवावे आणि तरीही गणितावरची निष्ठा ढळू देऊ नये, ही अपेक्षा सामान्य माणसाकडून करता येणार नाही.

महाविद्यालयांतील चित्र याहून उजळ नाही. निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते आणि तिचे काम तासिका तत्त्वावरील अध्यापक करतो. त्याने नेट किंवा सेट उत्तीर्ण केलेली असते, क्वचित पीएच. डी.ही मिळवलेली असते. पण त्याला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. दिवाळीची सुटी, परीक्षांचा काळ आणि उन्हाळा त्याच्या खिशाच्या दृष्टीने कोरडाच जातो. अशा अध्यापकाने विद्यार्थ्याला संध्याकाळी थांबवून घेऊन एखादे अवघड प्रमेय उलगडून दाखवावे, त्याला अखिल भारतीय परीक्षांसाठी तयार करावे, हे घडावे कसे? तो संध्याकाळी दुसरीकडे शिकवणी घेत असतो, कारण त्याला घर चालवायचे असते. दुर्बळ अध्यापनातून दुर्बळ पदवीधर निर्माण होतात आणि त्यांना नोकरी मिळाली नाही की दोष विषयाला दिला जातो. या दुष्टचक्राची झळ शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांना लागते. चांगले विद्यार्थी गणिताकडे फिरकलेच नाहीत, तर दहा वर्षांनी मेळघाटातील मुलांना अपूर्णांक शिकवणार कोण, याचा विचार आजच करायला हवा.

मग विषयच कालबाह्य झाला आहे काय? शुद्ध गणिताचा व्यवहाराशी संबंध नाही, हा समज सुशिक्षितांतही आहे. त्याचे खंडन करण्यास युरोपात जाण्याची गरज नाही. शेजारच्या नागपुरात, सरकारी विज्ञान महाविद्यालयात शिकलेले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हे गणितज्ञ पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० साली वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तले. १९५९ साली त्यांनी राजचंद्र बोस आणि पार्कर यांच्यासह ऑयलर या थोर गणितज्ञाचे १७८२ सालापासूनचे एक अनुमान चुकीचे ठरविले. अमेरिकेतील वृत्तपत्राने ती बातमी पहिल्या पानावर छापली होती. प्रश्न वरवर पाहता केवळ बुद्धीच्या करमणुकीचा होता: चौरसाच्या घरांत दोन प्रकारची चिन्हे अशी मांडावयाची की, प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच यावे आणि दोन प्रकारच्या चिन्हांची प्रत्येक जोडीही एकदाच जमावी. सहा ओळींच्या चौरसात हे जमत नाही. दहा, चौदा, अठरा अशा चौरसांतही ते अशक्यच आहे असे ऑयलरचे म्हणणे होते. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी, सहाच्या पुढे ते सर्वत्र शक्य आहे, असे दाखवून दिले.

आता चिन्हांच्या जागी कापसाचे वाण आणि खताच्या मात्रा ठेवून पाहाव्यात. शेताच्या एका कडेची जमीन भारी, दुसऱ्या कडेची हलकी. मग एखादे वाण अधिक पिकले ते त्याच्या गुणाने की जमिनीच्या, हे ओळखावे कसे? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फिशर यांनी इंग्लंडमधील शेतीसंशोधन केंद्रात या प्रश्नाला जी शिस्त लावली, तिच्यात हे चौरस मोलाचे ठरले. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथेच काय, जगात कोठेही पिकांची तुलना करायची तर प्रयोगाची आखणी याच विचाराच्या आधाराने करावी लागते. शुद्ध गणित आणि वऱ्हाडची काळी माती यांच्यात लोक समजतात तेवढे अंतर नाही.

दुसरे उदाहरण आजच्या शेतकऱ्याच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. २०१६ साली आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत विम्याचा खरा दर जोखमीच्या गणितावरून ठरतो, तर भरपाई देताना पीक कापणी प्रयोगांतून निघालेले उत्पन्न उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहिले जाते. पैसेवारीवरून दरवर्षी वऱ्हाडात केवढे वादळ उठते, हे सर्वांना ठाऊक आहे. किती प्लॉट घ्यावेत, ते कसे निवडावेत, किती वर्षांची सरासरी धरावी, हे सारे प्रश्न गणिताचे आणि संख्याशास्त्राचे आहेत. त्यांची उत्तरे मात्र मुंबई-दिल्लीत ठरतात, आणि ज्यांच्या घरचा कापूस त्यात मोजला जातो ती मुले गणिताची पदवी खुंटीला टांगून बँकेच्या लिपिकपदासाठी अर्ज भरतात.

दारे आहेत, परंतु प्रत्येक दाराची किल्ली वेगळी आहे आणि ती आमच्या पदवीबरोबर मिळत नाही, हे या प्रश्नाचे खरे मर्म आहे. केंद्र शासनाच्या भारतीय सांख्यिकी सेवेला पदवीत संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. केवळ गणित घेतलेल्याला तेथे अर्जही करता येत नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी या पदाला मात्र, बारावीला गणितात ६० टक्के गुण असलेला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. विमागणितज्ञाचा व्यवसाय २००६ च्या स्वतंत्र कायद्याने नियमित झाला आहे. त्याची प्रवेशपरीक्षा बारावीनंतर देता येते, पण पुढील परीक्षा दीर्घ आणि खडतर असून त्यांना संभाव्यताशास्त्र आणि इंग्रजी दोन्ही पक्के लागतात. आयआयटींतील एम. एस्सी.साठी अखिल भारतीय परीक्षा असते. उच्च गणिताच्या राष्ट्रीय मंडळाच्या शिष्यवृत्त्या आहेत. हुशार विद्यार्थ्यांसाठी १९९३ पासून उन्हाळी प्रशिक्षणवर्ग चालतात. संगणकाच्या क्षेत्रात प्रमेये सिद्ध करण्याची सवय झालेल्या बुद्धीला मागणी आहे, पण तिला आज्ञावली लिहिता आली पाहिजे. यांतील किती गोष्टी आमच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी कळतात? बहुधा त्या एम. एस्सी.च्या अखेरीस, कोणा मित्राकडून, वेळ टळून गेल्यावर कळतात.

संशोधनाबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या भागात सापेक्षतावाद आणि विश्वरचनेची गणिती प्रतिमाने यांवर पुष्कळ प्रबंध झाले. त्या परंपरेविषयी आदरच आहे. परंतु विश्वाच्या प्रसरणावर प्रबंध लिहिणाऱ्याने घड्याळी तासांवर पोट भरावे आणि त्याच्या मार्गदर्शकाने पुढच्या विद्यार्थ्यालाही त्याच वाटेने न्यावे, यात विषयाचे वा विद्यार्थ्याचे हित नाही. संयोजनशास्त्र, संभाव्यता, संगणनाचे गणित, कृषी संख्याशास्त्र या शाखांनाही येथे मार्गदर्शक हवेत. अमरावतीचे विद्यापीठ आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्यात अंतर आहे शंभर किलोमीटरच्या आत. दोन्हींनी मिळून एक अभ्यासक्रम चालवावा, यात कोणती अडचण आहे?

उपाय फार मोठ्या खर्चाचे नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर गौण विषयाची सोय केली आहे. गणिताच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र किंवा संगणक हा गौण विषय घेता येईल, अशी व्यवस्था प्रत्येक संलग्न महाविद्यालयात करण्याची हमी अभ्यासमंडळाने आणि विद्यापीठाने द्यावी. जेथे अध्यापक नाही तेथे दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून तो नेमावा. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती परीक्षा, पात्रता आणि तारखांची एक मराठी पुस्तिका पडावी. शासनाने अभियोग्यता चाचणी ठरल्या वेळी, दरवर्षी घ्यावी आणि महाविद्यालयांतील रिकाम्या जागा भराव्यात. हे शेवटचे झाले नाही, तर आधीच्या साऱ्या सूचना कागदावरच राहतील, कारण तासांवर जगणाऱ्या अध्यापकाकडून कोणतीही सुधारणा करवून घेता येत नाही.

विद्यार्थ्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इतके करूनही यांतील बहुतेक नोकऱ्या पुण्या-मुंबईला किंवा त्याहून दूर असतील. घराजवळची नोकरी हाच निकष असेल, तर गणिताने निराशा होण्याचा संभव आहे. शिवाय ज्याला विषयाची ओढ नाही त्याने, दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून, गणित घेऊ नये. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या लाटेत आज अकोल्यातील शिकवणीवर्ग गजबजले आहेत. त्या परीक्षेत गणित नाही, म्हणून अकरावीतच ते सोडून देणारी मुले पुष्कळ. त्या लाटेच्या उलट पोहण्यास मुळात थोडी माणसे तयार होतात, आणि तेवढी तरी आपण बुडू देता कामा नयेत.

वडिलांच्या त्या प्रश्नाला आज प्राचार्यांनी उत्तर द्यायचे ठरविले, तर त्यांना काय सांगता येईल? ‘नोकरीची हमी देता येत नाही, पण वाटा इतक्या आहेत, त्यांसाठी काय लागते ते हे, आणि ते आम्ही तीन वर्षांत शिकवू,’ एवढे जरी त्यांना खरेपणाने म्हणता आले, तरी पुष्कळ वडील मुलीच्या अर्जावर सही करतील. वऱ्हाडातील किती प्राचार्य आज असे म्हणू शकतात, याचा शोध विद्यापीठाने पुढील प्रवेशांच्या आधी घ्यावा.