ब्यूरोवाल्याला दराआधी काय विचाराल?

दिव्यात आजारी आईच्या देखभालीसाठी बाई हवी म्हटलं की नर्सिंग ब्यूरोवाले आधी दर सांगतात, बारा तासांचा आणि चोवीस तासांचा. मी आधी विचारते, बाई राहते कुठे? दातिवलीची, मुंब्र्याची असेल तर उत्तम. कसाऱ्याहून येणार असेल तर लोकल रखडली की आईचं सकाळचं इन्सुलिनही रखडलं. ‘नर्स’ म्हणून पाठवत असतील तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. तो नसेल तर ती आया. आयाचं काम हलकं मुळीच नाही, पण मग पैसे नर्सचे का मोजायचे? आणि आधारकार्डाची झेरॉक्स म्हणजे पोलीस पडताळणी नव्हे, हे ब्यूरोवाले सोयीस्करपणे विसरतात.

बाईची खरी परीक्षा पहिल्याच दिवशी होते. आईला कुशीवर वळवताना ती दंड धरून ओढते, की खांद्याखाली नि कमरेखाली हात घालते? पाठ पुसताना माकडहाडाजवळची कातडी लाल झालीय का, हे न सांगता बघते का?

शेवटचा प्रश्न, आमच्या पैशातले तिच्या हातात किती पडतात? निम्मे ब्यूरोच खात असेल तर ती टिकायची कशी? हे मी तिच्यासमोरच विचारते. ब्यूरोवाल्यांना ते अजिबात आवडत नाही.