बटानेसची दगडी घरं आणि मी पाहुणा

ऑफिसच्या कामाने मनिलात होतो. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, बोराकायची तिकिटं संपलेली, म्हणून बास्कोचं काढलं. बास्को ही बटानेसची राजधानी. फिलिपाइन्सचा हा उत्तर टोकाचा प्रांत नकाशात तैवानच्याच जवळ दिसतो.

वारा असा की छत्री उघडायचा विचारही करू नये. सबतांग बेटावर इवातान लोकांची जुनी घरं पाहिली. दोन हात जाड दगडी भिंती, वर गवताचं जाडजूड छप्पर, आणि जिकडून वादळ येतं तिकडे खिडकीच नाही! "हे असंच जपायला हवं" वगैरे बोलून मी मोकळा.

पण २७ जुलै २०१९ला पहाटे शेजारच्या इतबायात बेटावर भूकंप झाला, आणि अशाच भिंती झोपलेल्या लोकांवर कोसळल्या. वादळात उपयोगी पडणारं वजन भूकंपात अंगावर येतं. मग तिथल्या माणसाने लोखंडी सळ्यांचं, सिमेंटचं घर बांधलं तर नाक मुरडणारा मी कोण? दोन रात्रींचा पाहुणा! घरं जपायचीच तर भिंती मजबूत करायचा खर्च सरकारने उचलावा, आणि आम्हा पर्यटकांकडून जरा जास्त पैसे घ्यावेत. मी देईन बुवा.

असो. परतीचं विमान वाऱ्यामुळे रद्द झालं. बॉसला काय सांगितलं ते पुन्हा कधीतरी.